मोटारींतला नाद : अँप्लिफायरची निवड व मांडणी

गाण्याच्या बाबतींत कोल्हापूरचा कान चोखंदळ आहे, असें म्हटल्यास त्यांत आत्मस्तुतीचा दोष फारसा येणार नाहीं. राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें अल्लादिया खाँसाहेब ह्या नगरींत राहिले. १९१५ सालीं येथें पॅलेस थिएटर उभें राहिलें. त्यास पुढें केशवराव भोसले ह्यांचें नांव मिळालें, आणि २०२४ सालीं तें आगींत होरपळलें तेव्हां सारें गांव हळहळलें. १९२९ सालीं येथेंच प्रभात फिल्म कंपनी निघाली, व तिचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ सालीं पडद्यावर आला. नाट्यगृह व बोलपट ह्यांच्यामधल्या ह्या थोडक्या वर्षांत केवढा फरक पडला, तो पाहण्याजोगा आहे. संगीत नाटकाच्या आरंभींच्या काळांत नटाचा आवाज शेवटच्या रांगेंत पोहोंचवावयास त्याचा गळा व नाट्यगृहाची बांधणी ह्यांखेरीज दुसरें साधन नव्हतें. बोलपट आला तेव्हां मात्र आवाज यंत्रानें वाढवून पडद्यामागच्या कर्ण्यांतून सोडणें भाग पडलें.

तेंच यंत्र आतां आकारानें पोथीएवढें होऊन मोटारीच्या आसनाखालीं येऊन बसलें आहे. त्यास अँप्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, म्हणतात. आणि हें नांवच पुष्कळांची दिशाभूल करतें. 'वर्धक' म्हटलें कीं आवाज मोठा करणारा, एवढाच अर्थ मनांत येतो. मग ज्याच्या डब्यावर सर्वांत मोठा आंकडा असेल तो उत्तम, असा निर्णय होऊन बसतो. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, मोटारींतला अँप्लिफायर आवाज मोठा व्हावा म्हणून घ्यावयाचा नसून आवाज फाटूं नये म्हणून घ्यावयाचा असतो. ही एक गोष्ट नीट समजली म्हणजे निवडीचे व मांडणीचे बहुतेक नियम आपोआप उलगडत जातात.

एका घरांतल्या दोन तक्रारी

हल्लीं एकत्र कुटुंबांत मोटार एक व तींत बसणाऱ्या पिढ्या तीन, असा प्रकार असतो. आमच्याच घरचें उदाहरण देतों. पुतण्याच्या मोटारींतून पुण्यास जातांना आमच्या मातोश्री मागच्या आसनावर बसतात. त्यांचें वय ८६. त्यांस नाट्यपदें व कीर्तन ऐकावयास हवें असतें. परंतु आवाज वाढविला कीं शब्द अधिकच अस्पष्ट होतात, अशी त्यांची तक्रार. घरांतल्या तरुण मंडळींची तक्रार निराळी : तबल्याचा बायां ऐकूंच येत नाहीं, सारें पत्र्याच्या डब्यांत वाजल्यासारखें वाटतें. एका दुकानांत ह्यावर 'हजार वॅट'चा अँप्लिफायर व भलामोठा वूफर असा उपाय सुचविण्यांत आला. त्यावरून घरांत दोन पक्ष पडले. खर्चाचा प्रश्न होता, आणि आजींच्या कानांचाही होता.

वास्तविक ह्या दोन्ही तक्रारींचें मूळ एकच. मोटारींत कारखान्यांतूनच जो रेडिओ बसवून येतो, त्याच्या पोटांत एक लहानसा अँप्लिफायर असतो. तो थेट मोटारीच्या बॅटरीवर चालतो. ही बॅटरी नांवाला १२ व्होल्टची. इंजिन चालूं असतां दाब १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जातो. ध्वनीचा तरंग ह्या दाबाहून उंच उठूं शकत नाहीं. बुटक्या माळ्याखालीं उंच माणूस ताठ उभा राहूं लागला तर त्याचें डोकें आढ्यास आपटावयाचें, तसेंच येथें होतें. आवाज वाढविला कीं तरंगाचे माथे कापले जातात. ह्यालाच आपण आवाज फाटणें म्हणतों. गोलाईनें उठणारा तरंग सपाट माथ्याचा झाला म्हणजे मूळ गाण्यांत नसलेले कर्कश उपरिस्वर त्यांत शिरतात. शब्दांतलीं व्यंजनें त्यांत बुडतात, आणि वर्ज्य असलेली ही शक्ति दाराच्या वरच्या बाजूस बसविलेल्या नाजूक ट्वीटरला जाळूंही शकते.

गाण्यांत शक्तीची गरज सारखी नसते, हेंही लक्षांत ठेवावें. आलाप चालूं असतां स्पीकरला १ वॅटही पुरतो. परंतु समेवर तबल्याची थाप पडली कीं त्या क्षणापुरती दहापट किंवा त्याहूनही अधिक शक्ति लागते. जेथें ही थाप आढ्यास न आपटतां उठते, तेथें संगीत मोकळें वाटतें. स्वतंत्र अँप्लिफायर बॅटरीचा दाब आपल्या पोटांत आणखी वाढवून घेतो. म्हणजे आढेंच उंच करतो. त्याचें खरें काम हें.

डब्यावरचा आंकडा व खरा आंकडा

रेडिओच्या डब्यावर '५० वॅट × ४' असें छापलेलें पुष्कळांनीं पाहिलें असेल. हा ५० कोठून येतो? दाबाचा वर्ग करून त्यास स्पीकरच्या रोधानें भागिलें म्हणजे शक्ति मिळते. १४.४ गुणिले १४.४, भागिले ४ ओहम. उत्तर सुमारें ५२. परंतु ही शक्ति माथे पूर्ण कापलेल्या, चौकोनी झालेल्या तरंगाची. स्वच्छ तरंगाची शक्ति त्याच्या निम्मी, २६. आणि आंतील नुकसान वजा जातां हातीं १५ ते २० वॅट उरतात. तेव्हां आंकडा अगदींच खोटा नसतो. मात्र तो गाण्याचा आंकडा नसून फाटलेल्या आवाजाचा आंकडा असतो.

यास्तव अँप्लिफायर घेतांना 'मॅक्स' किंवा 'पीक' ह्या शब्दांपुढचे आंकडे सोडून द्यावे, आणि 'आर. एम. एस.' ह्या अक्षरांपुढचा आंकडा पाहावा. तोही किती ओहमवर व किती व्होल्टवर मोजला आहे, हें विचारावें. २ ओहमवरचा मोठा आंकडा ४ ओहमच्या स्पीकरच्या गिऱ्हाइकास सांगण्याचा प्रकार सर्रास आढळतो. एक ताळा आपल्यासही पाहतां येतो. अँप्लिफायरवर बसविलेला फ्यूज किती अँपिअरचा आहे तें पाहून त्यास १४ नें गुणावें. येणाऱ्या वॅटांहून अधिक शक्ति तें यंत्र बॅटरींतून सतत घेऊंच शकत नाहीं, मग देणार कोठून? ज्यावर 'हजार वॅट' छापलें आहे व फ्यूज ३० अँपिअरचा आहे, तें यंत्र ४२० वॅट घेतें. त्यांतून जुन्या 'ए-बी' जातीचें असल्यास अर्धे-पाऊण, व नव्या 'डी' जातीचें असल्यास ८० टक्क्यांच्या आसपास ध्वनिरूपानें बाहेर पडतात. बाकीच्यांची उष्णता होते.

आतां आणखी एक हिशेब. २० वॅटांचे ४० वॅट केले तर आवाज दुप्पट होत नाहीं; तो ३ डेसिबलनें वाढतो, आणि कानास हा फरक बेताचाच वाटतो. आवाज दुप्पट झाल्याचा भास व्हावयास सुमारें १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ति लागते. उलटपक्षीं, ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजीं ९० डेसिबलचा स्पीकर निवडला तर अँप्लिफायरची शक्ति दुप्पट केल्याचें फळ फुकटांत मिळतें. म्हणून आधीं स्पीकर, मग अँप्लिफायर, हा क्रम सोडूं नये.

निवड

सामान्य कुटुंबाच्या मोटारीस चार दारांचे चार स्पीकर असतात. समजा ते प्रत्येकीं ५० वॅट आर. एम. एस. व ४ ओहमचे आहेत. त्यांस ४ ओहमवर प्रत्येकीं ५० ते ६० वॅट आर. एम. एस. देणारा चार चॅनेलचा अँप्लिफायर पुरेसा होतो. जागा थोडी असल्यास 'डी' जातीचा घ्यावा. तो लहान असतो व कमी तापतो. एकाच चॅनेलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास रोध २ ओहम होतो. यंत्र तेवढ्यासाठीं घडलेलें नसेल तर तें तापून बंद पडतें. एकापुढें एक जोडल्यास तोच रोध ८ ओहम होतो.

कारखान्याच्या रेडिओस बहुधा 'आर. सी. ए.'च्या जोडण्या नसतात. अशा वेळीं ज्यास 'हाय लेव्हल इनपुट' आहे, असाच अँप्लिफायर घ्यावा. तो स्पीकरच्या तारांवरूनच ध्वनि घेतो. मोटार नवी असल्यास तिच्या मूळ तारा तोडूं देऊं नयेत. त्या त्या मोटारीसाठीं तयार कपलर मिळतात, ते मध्यें बसवावे. मूळ तारा कापल्यास हमीच्या मुदतींत वाद उद्भवतो.

आणि हें सारें घेण्यापूर्वीं एक स्वस्त काम करून पाहावें. दाराच्या आंतल्या पत्र्यास मोठीं भोकें असतात; त्यांतून स्पीकरच्या मागचा नाद पुढें येऊन पुढच्या नादास मारतो. हीं भोकें बुजवून पत्र्यास रबरासारखा चिकट थर लाविला कीं पत्र्याची थरथर थांबते व बायां उमटूं लागतो. मात्र दाराच्या तळाशीं पावसाचें पाणी निघून जाण्यासाठीं जीं लहान छिद्रें असतात, तीं बुजवूं नयेत. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या पावसांत फिरणाऱ्या मोटारीचें दार त्या चुकीनें आंतून गंजतें.

तार व फ्यूज

हा भाग वाचकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण येथें आवाजाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. अँप्लिफायरची मुख्य तार थेट बॅटरीपासून आणावी लागते. चार वेळां ५० म्हणजे २०० वॅट. 'डी' जातीचें यंत्र त्यासाठीं सुमारें २५० वॅट, म्हणजे १८ अँपिअर प्रवाह घेतें. 'ए-बी' जातीचें २६ अँपिअरपर्यंत जातें. ह्यास ८ गेजची, म्हणजे ८ चौरस मिलीमीटरहून किंचित् जाड, निव्वळ तांब्याची तार योग्य. बाजारांत वरून तांब्याचा मुलामा व आंत ॲल्युमिनियम अशी तार मिळते. ती तांब्याच्या सुमारें दोनतृतीयांशच वीज वाहते. ती घ्यावयाची तर आणखी जाड घ्यावी.

ह्या तारेवर बॅटरीपासून एक हाताच्या आंत, म्हणजे १८ इंचांच्या आंत, फ्यूज असलाच पाहिजे. अँप्लिफायरवरचा फ्यूज यंत्राचें रक्षण करतो, तारेचें नव्हे. इंजिनाच्या बाजूनें आंत येतांना ही तार पत्र्याच्या भोकांतून येते. वर्ष दोन वर्षें घासून तिचें आवरण फाटलें व ती पत्र्यास टेकली, तर बॅटरी एका क्षणांत शेंकडों अँपिअर प्रवाह सोडते. तार लाल होते, गालिचा पेट घेतो, आणि घाटांत चालत्या मोटारींत बसलेल्या माणसांस दार उघडण्याइतकाही अवधि मिळत नाहीं. फ्यूज जागेवर असेल तर तोच वितळतो व प्रकरण तेथेंच मिटतें. तार ज्या भोकांतून येते तेथें रबरी बूच बसविलें आहे कीं नाहीं, तें आपण स्वतः पाहावें. उद्यमनगरांतल्या कुशल कारागिरासही हें पाहूं द्या म्हणण्यांत संकोच नसावा; चांगला कारागीर तें आनंदानें दाखवितो.

ऋण तार शक्य तितकी तोकडी व तेवढ्याच जाडीची असावी. ती जेथें मोटारीच्या पत्र्यास कसावयाची तेथील रंग खरवडून धातु उघडा करावा, आणि कसल्यावर गंज चढूं नये म्हणून वरून ग्रीस लावावें. काम सुरूं करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण जोडणी सोडावी. 'रिमोट' नांवाची बारीक तार रेडिओबरोबर चालूं-बंद होणाऱ्या वाहिनीस जोडावी. ती कायम चालूं राहणाऱ्या वाहिनीस जोडल्यास रात्रभरांत बॅटरी उतरते. आसनाखालीं यंत्र ठेवतांना तें खालच्या गालिच्यापासून थोडें उचलून बसवावें, कारण पावसाळ्यांत ओल्या पायांचें पाणी तेथेंच सांचतें. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते, व काम तिच्यावरच करावयाचें. नारिंगी रंगाच्या जाड तारांस हातही लावूं नये.

इंजिनाची गति वाढतांच स्पीकरांतून वाढत जाणारी शीळ ऐकूं येऊं लागली, तर ऋण जोडणी ढिली आहे किंवा ध्वनीची तार मुख्य तारेस खेटून आली आहे, असें समजावें. मुख्य तार मोटारीच्या एका बाजूनें व ध्वनीची तार दुसऱ्या बाजूनें न्यावी.

'गेन' म्हणजे आवाजाची चावी नव्हे

अँप्लिफायरवर 'गेन' नांवाची एक कळ असते. ती पूर्ण फिरविली म्हणजे पैसे वसूल झाले, ही समजूत सर्वत्र आहे व ती सर्वथा चुकीची आहे. रेडिओकडून येणारा ध्वनिसंकेत व अँप्लिफायरची अपेक्षा ह्यांचा मेळ घालणें, एवढेंच त्या कळीचें काम. गवई बैठकीपूर्वीं तंबोरा लावून घेतो, तसें हें एकदांच लावावयाचें.

ह्याची रीति सोपी आहे. घरांतला व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर चालतो. प्रथम स्पीकरच्या तारा सोडाव्या, रेडिओवरील बेस व ट्रेबल मध्यावर आणावे, अँप्लिफायरचे फिल्टर बंद करावे. पूर्ण पातळीवर मुद्रित केलेला ४०० हर्ट्झच्या आंतबाहेरचा एकसुरी नाद वाजवावा, व रेडिओचा आवाज तीनचतुर्थांशावर ठेवावा. आतां किती व्होल्ट दिसले पाहिजेत? हवी असलेली शक्ति गुणिले रोध, ह्याचें वर्गमूळ. ५० वॅट व ४ ओहम असल्यास २०० चें वर्गमूळ, म्हणजे १४.१ व्होल्ट. मीटर ए. सी. व्होल्टवर लावून अँप्लिफायरच्या टोंकांशीं धरावा, आणि १४.१ दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवावा. तो आंकडा आला कीं हात काढून घ्यावा. मुलांस वर्गमूळाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या पालकांस हें उत्तर देण्याजोगें आहे.

मंद्र व तार

दारांतले लहान स्पीकर फार खालचे नाद काढूं गेले कीं त्यांचा पडदा धडपडतो व वरचे स्वरही बिघडतात. म्हणून 'हाय पास' नांवाचा फिल्टर ८० हर्ट्झच्या सुमारास लावतात. त्याखालचे नाद तो दाबतो. संगीताच्या भाषेंत सांगावयाचें तर, काळी एक मध्यें गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ हर्ट्झ. त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज निम्मा, म्हणजे ६९. काळी चार मध्यें गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज सुमारें २०८ व तंबोऱ्याचा खर्ज १०४. तेव्हां ८० च्या मर्यादेनें गळ्यास मुळींच धक्का लागत नाहीं; पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज किंचित् दबतो, तरी त्याचे उपरिस्वर ऐकूं येत असल्यानें कान तो पुरा करून घेतो. ज्यांस त्याखालचेंही हवें असेल त्यांनीं आसनाखालीं मावणारा लहानसा वूफर घ्यावा व त्यास ८० च्या खालचेंच द्यावें. १९२५ सालच्या आधीं कर्ण्यांतून कोरलेल्या तबकड्यांत मात्र हे खालचे नाद उतरलेलेच नाहींत. तेथें वूफर काय करणार? अँप्लिफायर असलेलें वाढवितो, आणि तबकडीची खरखरही त्याच न्यायानें वाढवितो.

आमच्या घरीं शेवटीं असेंच ठरलें : दारांस थर, चार चॅनेलचा ५० वॅटांचा अँप्लिफायर, ८० चा फिल्टर, आणि आसनाखालीं लहान वूफर. वृद्धपणीं वरच्या पट्टीचें श्रवण आधीं मंदावतें, व व्यंजनें त्याच पट्टींत असतात. त्यामुळें आजींस अधिक आवाज नव्हे, अधिक स्वच्छ आवाज हवा होता. आतां त्यांस पदाचे शब्द कळतात, तरुणांस बायां कळतो, आणि आवाजाची कळ पूर्वींहून खालीं असते.

कान व शेजार

एक शेवटची मर्यादा सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या मानाप्रमाणें ८५ डेसिबलचा आवाज दिवसांत ८ तासांपर्यंत, ८८ चा ४ तास, ९१ चा २ तास व ९४ चा १ तासच सोसावा. दर ३ डेसिबलला मुदत निम्मी. कोल्हापुराहून पुण्याचा प्रवास चार तासांच्या आंतबाहेरचा. एवढा वेळ बंद मोटारींत ८८ च्या वर आवाज ठेवणें म्हणजे मुलांच्या कानांचा ठेवा आजच खर्चून टाकणें होय. गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.

मोटारीबाहेरही माणसें राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें ह्यांभोंवतालचा १०० मीटरचा भाग शांततेचा मानतात. सी. पी. आर. रुग्णालयावरून जातांना कांचा वर करून आवाज खालीं आणणें, एवढें सौजन्य तर आपल्या हातांत आहेच.

शक्ति बाळगावी व ती राखून वापरावी, हें कुटुंबप्रमुखास सांगावयास नको. अँप्लिफायरचेंही तेंच आहे. ५० वॅट जवळ असावे, ते ५ वर चालावे, आणि समेच्या थापेस मात्र ४५ राखून ठेवलेले असावे. वाचकांपैकीं कोणी मोटारींत असें यंत्र बसविणार असतील, तर त्यांनीं इतकेंच करावें : दुकानांत प्रथम फ्यूजची जागा विचारावी, मग आर. एम. एस. विचारावें, आणि हजार वॅटांची गोष्ट निघाली तर हंसून पुढच्या दुकानाकडे वळावें.